उंबराखालचा समुद्र

चहा हातात घ्या, पण घोट सावकाश घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या ह्यांचा चहा नाकातून आला होता, आणि ते तर घरचेच, त्यांना सगळं आधीपासून ठाऊक. फजित्या सगळ्यांच्याच होतात हो. होतात आणि विसरल्या जातात. माझी मात्र मळवलीत अजून उभी आहे, उन्हापावसात, उंबराच्या झाडाखाली. म्हणाल तेव्हा नेऊन दाखवीन. येताना नारळ तेवढा आणा.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. साधी नाही, पदवीधर भित्री. कॉलेजात बेडूक कापून परीक्षा दिली मी, पण त्या बेडकानं नुसता पाय हलवला असता तरी मी खिडकीतून उडी टाकली असती. आणि अशा मुलीला सासर कुठं मिळावं, तर रेल्वेच्या रुळांना लागून. इंजिनानं शिट्टी दिली की माझ्या हातातलं भांडं जमिनीवर. लग्नाचं पहिलं वर्ष सरेपर्यंत घरात पोचा नसलेलं पातेलं उरलं नव्हतं.

माहेर माझं हर्णैला. मागचं दार उघडलं की वाळू, आणि वाळूपलीकडे तो. आम्ही त्याला समुद्र असं कधी म्हणतच नव्हतो. ‘भरती आली’, ‘ओहोटी लागली’, बस्स. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं, नाव न घेता. त्याला आवाज असतो हेसुद्धा तिथं असताना कधी जाणवलं नव्हतं. मळवलीत आले आणि पहिल्याच रात्री कान रिकामे झाल्यासारखे वाटले. मग लांबून मालगाडी यायची. आधी रूळ हलकेच गुणगुणायचे, मग तो आवाज भरत भरत जवळ यायचा, आणि एक क्षण वाटायचं, आला. तेवढ्यात इंजिन शिट्टी मारायचं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पातेलं.

दोन वर्षांत माहेरी जाणं झालं नव्हतं. कुणी अडवलं होतं असंही नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वेळी म्हणायच्या, “जा की. तेवढी लावनी उरकू दे.” लावणी उरकली की कापणी, कापणी झाली की झोडणी, झोडणी झाली तोवर नणंदेचं लग्न ठरलेलं. काम संपत नव्हतं आणि मला मागता येत नव्हतं. पावसाळ्यात खाचरं पाण्यानं भरली आणि वारा सुटला की मी ओसरीवरून डोळे बारीक करून बघत बसायची. डोळे पुरेसे बारीक केले तर भातखाचरसुद्धा समुद्र दिसतं. फक्त त्यात मधे मधे बैल दिसतात.

आणि मग ह्यांनी ती काचेची टाकी आणली.

कार्ल्याच्या रस्त्याला एका मुंबईकर शेठचा बंगला होता. शेठनी कधीकाळी तिथं रंगीत मासे पाळले होते. मासे गेले, टाकी राहिली, आणि बंगल्याच्या माळ्यानं तिच्यात कांदे भरून ठेवले होते. हे लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत कामाला. जाता येता माळ्याची ओळख. कांदे रिकामे करवून टाकी बैलगाडीतून घरी आणली. लोखंडी चौकट, चारी बाजूंना काच, कोपऱ्यांत पुट्टी.

“घे,” हे म्हणाले. “तुझ्या कॉलेजात होती म्हणतेस ना, खाऱ्या पाण्याची टाकी? एकदा करून बघ. जमली तर जमली. नाही जमली तर मात्र रोज संध्याकाळी तो चेहरा करून रुळांकडे बघत बसायचं नाही. कबूल?”

मी कबूल म्हटलं. एकच संधी होती हो. पण समुद्र घरात येणार होता.

आत्याबाईंनी टाकीभोवती एक फेरी मारली. “ह्यात काय घालायचं म्हनं?”

“समुद्र,” मी म्हटलं.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “लय मोठा असतोय म्हन्त्यात की.”

माझ्या दादाला निरोप गेला. तो रविवारी एसटीनं कार्ल्याच्या फाट्यावर उतरणार होता, दोन कॅन भरून समुद्राचं पाणी आणि एका बरणीत थोडी पाहुणेमंडळी घेऊन: शंखात राहणारा खेकडा, खडकाला चिकटणारं एक समुद्रफूल, दोन पट्टेवाले मासे. आणि पाहुणे यायच्या आत त्यांचं घर तयार हवं. म्हणजे दगड.

तुम्हाला वाटेल, दगड काय, टाकले आणि झालं. नाही हो. आमचे सर म्हणायचे, खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा सगळ्यात शेवटी येतो, आधी दगड नीट लागले पाहिजेत. मोठे दगड थेट तळाच्या काचेवर, वाळू नंतर. नाहीतर खेकडा खालून उकरतो आणि डोंगर कोसळतो. मागच्या काचेला दगड टेकता कामा नये, पाणी फिरलं पाहिजे. मधे लपायला गुहा हव्यात, कारण नव्या जागी आलेला जीव आधी लपायला जागा शोधतो. हे वाक्य सर मासोळ्यांबद्दल म्हणाले होते. मला ते लग्नानंतर कळलं.

मावळात दगडांना तोटा नाही. ओढ्यातून मी छान भोकाभोकांचे काळे दगड वेचून आणले. पण काचेच्या आत सराव करायचा म्हणजे हातातून दगड निसटला की टाकी गेलीच, आणि माझ्या हातांबद्दल पातेली काय ती साक्ष देतील. तेव्हा मी एक युक्ती काढली. शिकलेल्या माणसाची युक्ती. घरामागं, शेताकडं जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला उंबर आहे. त्याच्याखाली जमीन सपाट केली आणि टाकीच्या तळाचा बरोब्बर तेवढा चौकोन रांगोळीनं काढला. त्या चौकोनात दगड लावून बघायचे.

दगडात चुना किती आहे ते तपासायला त्यावर आंबट टाकून फेस येतो का बघतात. म्हणून आत्याबाईंच्या लोणच्याच्या टोपलीतली लिंबं घेतली, कापली, दगडांवर पिळली. फोडी तिथंच पडल्या. मग कुठला दगड खाली, कुठला वर, हे लक्षात राहावं म्हणून गेरू कालवून प्रत्येकावर ठिपके दिले.

आता तुम्ही हसताय. तुम्हाला ते चित्र दिसतंय. मला दिसलं नाही. मी दगडांत गुंतले होते. तीन दगड छान बसायचे, चौथा ठेवला की पहिले तिघे रुसायचे. पाडलं, लावलं, पुन्हा पाडलं. शनिवारची अख्खी दुपार गेली. आणि सूर्य ड्यूक्स नोजच्या सुळक्याकडं कलता कलता वरचा दगड असा काही बसला की मी श्वास रोखून मागं सरकले. कमान झाली होती. खाली गुहा, गुहेतून पलीकडचं दिसत होतं. हर्णैला ओहोटीच्या वेळी आमच्या मागल्या दारी अगदी असाच एक खडक उघडा पडतो. मी लहानपणी त्यात हात घालून बसायची.

मी कितीतरी वेळ तिथं उभी राहिले. हात आपोआप जोडले गेले होते की काय, मला आठवत नाही. पण सोनामावशीला आठवतं.

सोनामावशी वरच्या वाडीतली, मोळी विकायला खाली येते. ती त्याच वेळी पायवाटेनं घरी चालली होती. तिनं काय पाहिलं? उंबराखाली रांगोळीचा चौकोन, त्यात लाल ठिपक्यांचे दगड, भोवती कापलेली लिंबं, आणि समोर शिकलेली सून हात जोडून उभी. अंबाड्यात खोचलेलं रानफूल काढून तिनं लांबूनच दगडांपाशी टाकलं आणि भराभरा डोंगर चढून गेली. मला वाटलं, किती गुणी बाई, माझी कमान तिलाही आवडली.

ह्यांची लोकल आली, मी भाकरी टाकायला आत गेले. म्हटलं, दगड सकाळी उचलू.

रविवारी सकाळी मी न्हाले. दादा यायचा म्हणून डोक्यावरून. केस मोकळे, ओले. बादली घेतली आणि दगड आणायला निघाले. बाहेर दाट धुकं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. उंबराजवळ गेले तर माझा चौकोन कुठाय? रांगोळीभोवती आणखी रांगोळी. दगडांवर हळद, कुंकू, जास्वंद, फुटका नारळ. उदबत्त्यांचा धूर. आणि मधे ती लिंबं.

तुम्हीच सांगा, काय वाटेल? मला वाटलं, आमच्या घरावर कुणीतरी करणी केली. प्राणिशास्त्राची पदवी, बरं का. माझ्याच दगडांवरची माझीच लिंबं बघून मीच मागं सरकायला लागले.

तेवढ्यात उंबरामागून काळंभोर काहीतरी उठलं.

ते शेजारचे ज्ञानूआबा होते, घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, फुलं वाहायला वाकलेले. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती म्हणे स्टेशनावर ऐकू गेली. बादली गडगडत गेली, मी गुडघ्यांवर बसले, ओले केस तोंडावर आणि अंगात जे कापरं भरलं ते थांबेना.

धुक्यातून बायका पुढं आल्या, सोनामावशी सगळ्यांत पुढं. कितीतरी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“आलं गं,” कुणीतरी हळूच म्हणालं. “सुनंच्या अंगात आलं.”

लगेच कपाळाला कुंकू, समोर सूप, पदर सावरायला चार हात. ज्ञानूआबा घोंगडी काढून समोर बसले. त्यांच्या शब्दाबाहेर गावात कुणी नाही.

“कोन म्हनायचं, देवा?” त्यांनी विचारलं. “कुटनं आलासा?”

मला सांगायचं होतं की आबा, हे दगड माझे आहेत, मला ते टाकीत लावायचेत, आज दादा समुद्राचं पाणी घेऊन येणार आहे. वाक्य डोक्यात तयार होतं, पण दातांवर दात वाजत होते.

“दगड… माझे,” मी म्हटलं. “हर्णैचा… समुद्र. आज यायचाय. मला समुद्र पाहिजे.”

आणि मग रडूच फुटलं. खरं सांगू? ते रडू घाबरल्याचं नव्हतं. दोन वर्षांत हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले होते.

ज्ञानूआबांनी मान हलवली. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “कोळी लोकं इतक्या लांबनं येत्यात का न्हाई एकवीरा आईला, दर साली? आई हितं डोंगरात, लेकरं तितं पान्यात. आता समिंदरच आलाय आईला भेटायला.”



गर्दी बाजूला सारून आत्याबाई आल्या. त्यांनी देवाकडं पाहिलं. मग खाली वाकून एक लिंबाची फोड उचलली, उलटसुलट केली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, “लिंबं तर माजीच दिसत्यात.”

मी हुंदके देत त्यांच्या कानात सगळं सांगितलं. रांगोळी, गेरू, चुना, गुहा.

“मग आता उठून सांगू का गावाला?” मी विचारलं.

“काय सांगशील? दगडात खेकडा ठिवायचा हुता म्हनून?” आत्याबाई कुजबुजल्या. “नारळ फुटलाय. आता गप बस, आन् कापरं भरलंय तर भरू दे जरा.”

मी म्हटलं, दादा आला की त्याला वाटेतच गाठावं, पाणी मागच्या दारानं आत न्यावं. दगड दुसरे आणता येतील. पाणी वाचलं पाहिजे.

पण दादाला आम्ही कधी वाटेत गाठलंय? हे त्याला आणायला फाट्यावर गेले होते. धुकं विरलं आणि पायवाटेवर दोघं दिसले. दादाच्या दोन्ही हातांत कॅन, ह्यांच्या कडेवर तान्ह्या बाळासारखी बरणी.

“आबा,” कुणीतरी म्हणालं, “पावनं आलं. हातात काय हाय त्यांच्या?”

“सुमे,” दादा लांबूनच हसून ओरडला, “आणलाय बघ तुझा समुद्र!”

संपलं. वाद्य वाजलं नाही एवढंच. बायकांनी दादाला ओवाळलं. तो बिचारा कोकणातला माणूस, त्याला वाटलं घाटावर पाहुण्याचं असंच स्वागत करतात. त्यानं हसत हसत दोन्ही कॅन ज्ञानूआबांच्या हातात दिले.

“बघ काय मान आहे तुझ्या सासरी,” तो मला म्हणाला.

मी तोंड उघडेपर्यंत पहिला तांब्या दगडांवर पडला होता. मग दुसरा. मग एकेकजण पुढं येऊन ओतायला लागला. पोरासोरांना उचलून धरून ओतायला लावलं. माझा समुद्र कमानीवरून खाली आला, गुहेतून वाहिला, अगदी सरांनी सांगितला होता तसा फिरला, आणि मावळच्या मातीत जिरला.

मी ‘थांबा’ म्हणणार होते. अगदी जिभेवर होतं. पण तेवढ्यात वास आला.

ओल्या दगडांचा, मिठाचा, शेवाळाचा, थोडा सुकटीचा. आमच्या मागल्या दाराचा वास. ओहोटीच्या वेळचा. मी डोळे मिटले आणि तशीच उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठांपाशी तेही खारटच लागत होतं.

“बघा,” सोनामावशी शेजारणीला म्हणाली, “हिला दिसतोय त्यो. आमाला नुसतं दगड दिसत्यात.”

बरणी तेवढी ह्यांनी कुणाला दिली नाही. पण आता टाकीत घालायला पाणी नाही, लपायला दगड नाही. पट्टेवाले मासे तळाशी एकमेकांना चिकटून बसलेले. दादा म्हणाला, “आज रात्री पनवेलवरून परत निघालो, तर घरी पोचेपर्यंत टिकतील. इथं नाही टिकायचे.” ह्यांनी रिकाम्या टाकीकडं पाहिलं. कबूल केलेलं मला आठवत होतं. समुद्राचं नाव आता काढायचं नव्हतं. मी दादासाठी भाकऱ्या बांधायला उठले.

तेव्हा आत्याबाई ओसरीवर आल्या. ज्ञानूआबा अंगणातच होते.

“आबा,” त्या म्हणाल्या, “देवाला आता दर साली समिंदराचं पानी लागनार न्हवं?”

“लागनारच की.”

“मंग आननार कोन? आपल्याकडं कुनाचं म्हायार हाय तितं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातातली भाकरी पडली. पातेलं असतं तर तेही पडलं असतं.

“लावनी हाय अजून लांब,” आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “आजच्या गाडीनं भावाबरुबर जा. पंदरा दिवस ऱ्हा. घाईघाईनं भरलेलं पानी देवाला चालत न्हाई.”

मी गेले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला बरणी मागल्या दारच्या खडकात रिती केली. खेकडा शंखातून पाय काढून चालता झाला, एकदाही मागं न बघता. मी पंधरा दिवस त्या खडकापाशी बसून होते.

तेव्हापासून दर वर्षी जाते. गावाचं काम म्हणून जाते. लावणी असो, झोडणी असो, कुणी अडवत नाही. परत येते तेव्हा फाट्यावर माणसं आलेली असतात, माझ्यासाठी नाही, कॅनसाठी. पाणी ओतलं की दुसऱ्या दिवशी वाडीतल्या शेळ्या येऊन दगड चाटतात. मिठासाठी हो. ज्ञानूआबा म्हणतात, मुकी जनावरंसुद्धा पाया पडतात.

आणि टाकी? पहिल्याच पावसात गेरू वाहून चालला, तेव्हा गाव हळहळलं. ह्यांनी टाकी उचलली आणि उलटी करून दगडांवर घातली; पाणी ओतायच्या दोन दिवसांपुरती तेवढी बाजूला काढतात. रांगोळीचा चौकोन मीच मापानं काढला होता, त्यामुळे तसूभरही कमी-जास्त झाली नाही. कमान आत, गुहा आत, एकही दगड मागच्या काचेला टेकलेला नाही. सरांनी पाहिलं तर पैकीच्या पैकी गुण देतील. फक्त आत मासे नाहीत, आणि समोर उदबत्तीचं घर आहे.

यंदाचं सांगून थांबते. यंदा मांडीवर पोर आहे, तीन महिन्यांचं. आत्याबाई परवा सहज म्हणाल्या, “औंदा पानी दादालाच आनाया सांगू. पोर ल्हान हाय.” बरोबरच होतं त्यांचं. मी मान हलवली. त्या दिवशी दुपारभर मालगाड्या जात होत्या.

दुपार कलल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, मी मागं गेले. टोपलीतलं एक लिंबू पदराखाली होतं. ठिपके मी दिलेत, खालचा दगड कुठला न् वरचा कुठला मला पाठ आहे. तरी काचेपुढं बसले, लिंबू कापून ठेवलं, हात जोडले आणि म्हटलं, “देवा, यंदापण माहेरी पाठव.”

मागून आवाज आला. मी दचकले, हे सांगायला नकोच.

आत्याबाई पोराला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लिंबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“त्यापरीस मला म्हनली असतीस,” त्या म्हणाल्या, “तर लिंबू तरी वाचलं असतं.”